दाभणबाई गप्प नव्हती

बसच्या फाटक्या सीट शिवायचं काम डेपोत एकच बाई करायची. हातात वीतभर लांब दाभण, मेण लावलेला जाड दोरा, आणि तोंडात तेवढीच अणकुचीदार जीभ. त्यामुळे सगळे तिला दाभणबाईच म्हणायचे. नाकावर माशी बसू द्यायची नाही. साहेबांनी एकदा रेक्झिन जपून वापरायला सांगितलं, तर हिनं त्यांनाच फाटक्या सीटवर बसवलं आणि स्प्रिंग टोचल्यावर विचारलं, "काय साहेब, वाचलं का रेक्झिन?" आठवड्यात नवे रोल आले.

तिचा नवरा औषधाच्या दुकानात काउंटरवर होता. तीस वर्षं गोळ्या काढून देता देता गल्लीतले लोक त्याला 'डॉक्टर' म्हणायला लागले, आणि हा शहाणा ते खरं धरून बसला. घरात कुणी शिंकलं की याच्या खिशातून गोळी निघायचीच. बायकोला त्याचं कोण कौतुक! "आमच्याकडे घरचाच डॉक्टर आहे," असं डेपोभर सांगत सुटायची.

पाठ दुखते असं ती पहिल्यांदा म्हणाली, तेव्हा तो हसला. "दिवसभर वाकून सीट शिवतेस, पाठ दुखणार नाही तर काय होईल?" दोन गोळ्या दिल्या. महिन्याभरानं ती पुन्हा म्हणाली, तेव्हा जरा जोरदार गोळी दिली. ती काही मुकाट सोसणाऱ्यातली नव्हतीच. भाजी चिरताना, केस विंचरताना, जिना चढताना तिचं चालूच असायचं. "अहो, हे दुखणं साधं नाही. खऱ्या डॉक्टरला दाखवू या." ते 'खऱ्या' त्याला असं झोंबलं म्हणता! चार दिवस तोंड फुगवून बसला. शेवटी तिनंच तो विषय सोडला, दुखणं मात्र रोज सांगत राहिली. असे आठ महिने गेले. मग एका सकाळी डेपोत, सीट शिवता शिवताच तिचे पाय लुळे पडले.

मणक्यात गाठ होती आणि ती सगळीकडे पसरली होती. हॉस्पिटलातल्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "इतके दिवस काय करत होतात तुम्ही?" त्याचा हात खिशातल्या गोळ्यांवर गेला. तेव्हा पलंगावरून तीच म्हणाली, "मीच कुणाला बोलले नाही. अंगावर काढलं." जन्मात कुणाची भीडभाड न ठेवलेली बाई, सासरहून धावत आलेल्या लेकीच्या देखत त्याच्यासाठी धडधडीत खोटं बोलली. आणि त्यानं बोलू दिलं. सहा आठवड्यांत ती गेली.

डेपोनं शोकसभा ठेवली. आदल्या दिवशी लेक स्वयंपाकघरातल्या टेबलाशी भाषण लिहीत बसली होती. तिनं वाचून दाखवलं, "आईनं सगळं दुखणं गिळलं. तोंडातून चकार शब्द काढला नाही."

त्याला वाटलं, अरे, ही कोण बाई? असली मुकी, सोशिक बाई या घरात एक दिवससुद्धा नांदली नव्हती! गप्प बसलं तर बायकोनं घातलेलं पांघरूण जन्मभर अंगावर राहणार होतं. पण मग उद्या चारचौघांत दाभणबाई दुसरीच कुणीतरी होऊन जाणार होती.

"खोड ते," तो म्हणाला.

"का? काय झालं, बाबा?"

"ती सांगत होती. मला. पहिल्या दिवसापासून. डॉक्टरकडे जाऊ या म्हणाली, मी नेलं नाही. गोळ्या देत राहिलो."

लेकीनं पेन खाली ठेवलं. "किती दिवस?"

"आठ महिने."

तिनं ओळ खोडली आणि खाली मान घालून लिहू लागली. तो थांबला. तिनं मान काही वर केली नाही, तेव्हा उठून भांडी घासायला लागला. रडू आवरेना, म्हणून नळ मोठा केला.

सभेला ड्रायव्हर, कंडक्टर, मेकॅनिक, झाडून सगळे आले. तो पहिल्या रांगेत बसला होता आणि शेजारच्या खुर्चीवर लेकीची पर्स ठेवली होती. लेकीनं आईच्या दोनतीन गमती सांगून सगळ्यांना पोट धरून हसवलं. मग कागद उघडला. "माझी आई गप्प बसणारी नव्हती. आठ महिने ती रोज सांगत होती. माझे वडील ऐकत नव्हते."

सगळे त्याच्याकडे बघायला लागले. शरमेनं त्याचे कान तापले, तरी त्यानं मान खाली घातली नाही. हीच त्याची बायको होती, शब्दन् शब्द खरी.

लेक खाली उतरली. त्यानं लगबगीनं पर्स उचलून खुर्ची मोकळी केली. ती आली, त्याच्या हातातली पर्स घेतली आणि मागे ड्रायव्हरांच्या रांगेत जाऊन बसली.