दाक्षायणीबाईंची गप्प बसायची शिकवणी

"बसा की बिरुदेव. पोरगी इचार करतीया, तुमी मदी बोलू नगा. पाणी पायजे तर घागर तितं हाय."

"अवो बाई, पर घटकाभर झाली येऊन. पोरगी गप, तुमीबी गप. ही शिकवणी हाय का सुतकाचं घर?"

दाक्षायणीबाईंनी मांडीवरच्या सुपातला एक खडा टिपला आणि अंगणात भिरकावला. माहेर दुधनीचं, त्यामुळं मराठी आणि कानडी त्यांच्या तोंडात एका ताटात जेवायच्या. बोलायला बसल्या तर अख्ख्या कुंभारी गावात त्यांच्यापुढं कुणी टिकत नव्हतं. म्हणूनच शिकवताना त्या ज्वारी निवडायला घेत. हात गुंतला की जीभ आवरती. पोरगं अडलं तर त्या सांगून टाकायच्या नाहीत. ते नेमकं कुठं अडलंय हे त्याच्याच तोंडून बाहेर पडेस्तोवर सूप चालू. गावात सगळ्यात बिनखड्याची भाकरी त्यांच्या घरची, ती काय उगाच न्हाय.

मेंढरं राखणाऱ्या बिरुदेवाला ही तऱ्हा काही पटत नव्हती. सोलापुरात माईकवर शिकवणारा क्लास निघाला होता, आणि सोमवारपासून लेकीला, सोनमला, तिकडं घालायचं त्यानं जवळजवळ ठरवलं होतं. आज तो शेवटचं बघायला आला होता. बाईंना ते ठाऊक होतं, आणि ही आठवीतली पोरगी त्यांना सोडवत नव्हती. म्हणून आज खडे संपले तरी बोटं ज्वारीत फिरतच होती.

गणित असं : कळपात दोनशे मेंढ्या, दरसाल दहा टक्के वाढ, तर दोन वर्षांनी किती? सोनमचं उत्तर दोनशे चाळीस. पुस्तकात दोनशे बेचाळीस. शाळेत त्यावर लाल फुली बसली होती.

"दुसऱ्या साली बी इसच का गं, सोने?" बाईंनी हळूच विचारलं.

सोनम बापाकडं बघून दबली. बाईंनी सूप हलवलं. बिरुदेवानं तंबाखू मळायला घेतली. शेवटी पोरगी फुटली.

"आदल्या सालची कोकरं एवढीशी असत्यात की बाई. ती लगीच कुटं व्यायत्यात? पुस्तकवाल्यानं त्यांचीबी बाळंतपणं काढल्यात."

बिरुदेवाचा अंगठा तळहातावरच थांबला. "मग बरुबर हाय की. कुणी लिवलंय हे? त्याच्या बानं कवा मेंढरं राखलीती का?"

"बाबा, तुमी मदी बोलू नगा," सोनम म्हणाली.

पोरगी टक्क्यात कधी अडलीच नव्हती, ती कळपात अडली होती. आता सगळं समजावून सांगावं असं बाईंच्या जिभेवर अगदी आलं. त्यांनी ते गिळलं.

"मेंढरं ऱ्हाऊ दे. असं काय हाय सांग, जे जलमल्या जलमल्या वाढाया लागतं?"

सोनम लई वेळ पत्र्याकडं बघत बसली. बिरुदेवानं तोंड उघडलं, लेकीकडं बघितलं आणि मिटलं.

"चिमाआत्याची बातमी," सोनम म्हणाली.

चिमाबाई म्हणजे बिरुदेवाची थोरली बहीण.

"कशी गं?"

"आत्यानं सांगितली की ऐकणारी दारातनंच पुढं सांगती. मोटी व्हायची वाट बगत न्हाय." बोलता बोलता तिचं पेन चालू झालं. "दोनशे बायास्नी ठाव हाय. त्यात इस वाढल्या. आता त्या इसबी सांगत सुटल्या. दोनशे इसाचे दहा टक्के बावीस. म्हंजी दोनशे बेचाळीस." तिनं मान वर केली. "पर बाई, मेंढरांचं चाळीसच."

"चाळीसच. पेपरात मातर बेचाळीस लिव. तपासणाऱ्याच्या दावणीला मेंढरं नसत्यात."

बिरुदेव उठला, पायात चपला सरकवल्या.

"त्या माईकच्या क्लासात पोरं किती वो, बाई?"

"शंभरेक असतील की."

"मग हिला बोलाया कवा गावायचं," तो स्वतःशीच म्हणाला. "ऱ्हाऊ दे हितंच. पर बाई, बातमीचं आमच्या अक्काला कळू देऊ नगा. मला घरात ऱ्हायाचंय."

तो गेला. बाईंनी मोठा श्वास सोडला.

"हं, पुढचं वाच."

"एका टाकीला दोन नळ आहेत," सोनमनं वाचलं आणि पुन्हा थांबली. "बाई, हितं पाणी रोज येतंय म्हणून धरायचं व्हय?"

बाईंनी पोत्यातली पायलीभर ज्वारी सुपात ओतून घेतली.