आदळणाऱ्या केंद्रकांचं कार्ड

इकडे ये गं, अशी जवळ बस. एक प्रोग्रॅम चालला नाही म्हणून तोंड पाडून बसतेस? शोभतं का तुला? ऐक.

ऐंशीच्या दशकात माझी भाची आमच्याकडे घाटकोपरला राहून एका संस्थेत संशोधन करायची. अणूंची केंद्रकं प्रचंड वेगानं एकमेकांवर आदळली तर किती कण निघतील, किती प्रतिकण, हे गणित ती कॉम्प्युटरला घालायची. तेव्हा प्रोग्रॅम म्हणजे भोकं पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा. एका कार्डावर एक ओळ. बाद झालेली कार्डं ती मला द्यायची, मी त्यांच्या मागे वाण्याची यादी लिहायची.

एका संध्याकाळी आली ती रडवेली. "मावशी, वाट लागली! कण आणि प्रतिकण सारखेच आलेत. माझी मांडणीच चुकलीय. उद्या सरांना सांगते, शोधनिबंधातून माझा भाग काढा."

प्रोग्रॅमच्या छापून आलेल्या ओळी तिनं पुन्हा पुन्हा वाचल्या. पण चुकलेली ओळ दिसते गं, नसलेली कशी दिसणार?

"सारखे आले तर बिघडलं काय?" मी विचारलं.

"अगं, टकरीच्या ऊर्जेतून नवे जन्मतात ते जोडीनं, एक कण, एक प्रतिकण. दोघं परत भेटले की संपले. पण आदळणाऱ्या केंद्रकांचे स्वतःचे कण असतात ना? ते धरून कण जास्त भरायला हवेत."

नुसत्या जोरातून वस्तू जन्मते! माझ्या अंगावर काटा आला. आणि मग आठवलं. आदल्या दिवशी टेबलावरच्या गठ्ठ्याचं वरचं कार्ड मी बाद समजून उचललं होतं.

"चप्पल घाल," म्हटलं, "वाण्याकडे चल."

"सगळा सामान दिला हां, ताई," वाणी आम्हाला बघूनच म्हणाला.

तारेला टोचलेल्या याद्यांतून कार्ड निघालं. तिनं ओळ वाचली आणि भर दुकानात ओरडली, "मावशी, तुझ्या तूरडाळीच्या यादीमागे माझी दोन केंद्रकं होती!"

सकाळी संस्थेत नवं कार्ड पाडलं, प्रतिकण कमी भरले, शोधनिबंधात तिचा भाग कायम राहिला.

मला मात्र राहवेना. "तुझ्या गणितात जास्तीचे कण आधीपासून होते. पण जग सुरू झालं तेव्हा? सगळे जोडीनंच जन्मले असते तर संपलेही असते. मग आपण कशा उरलो?"

"कुणालाच ठाऊक नाही, मावशी."

एवढी शिकलेली पोर, किती सरळ म्हणाली! मी आपल्या हाताकडे बघतच राहिले.

तू कॉलेजात विचार. कुणाला सापडलं असेल तर लवकर ये गं, फोनवर नको सांगूस.