जावळ कुणाच्या मांडीवर काढलं

दुपारपासून डोकं ठिकाणावर नाही, म्हणून इथं लिहितोय.

माझी बहीण नवऱ्यापासून वेगळी राहते. तिचा तीन वर्षांचा मुलगा गेवराईला बापाकडंच आहे, ताब्याची केस चालू आहे. आज कोर्टाच्या हुकमानं वर्षभरानंतर पहिली भेट होती. जावळ काढायचं राहिलंय, केसांचा गुंता झाला असेल म्हणून तिनं घाटनांदूरहून निघतानाच तेल अन् फणी घेतली होती.

पोरगं आलं ते डोकं चकोट केलेलं.

आमच्यात जावळ मामाच्या मांडीवर बसवूनच काढतात. मी एकटाच मामा, अन् मला साधा निरोपही नाही. दाजींना विचारलं तर म्हणाले, "तुमी कोर्टात गेलात, मग तुमाला कावून बोलवायचं?"

त्या चकोट डोक्यावरच तेल चोळत बहिणीनं लेकराला विचारलं, "कुणाच्या मांडीवर बसलतास रे?"

"मामाच्या."

गावातल्याच कुणाला तरी मामा म्हणून बसवलं असणार. मी समोरच उभा होतो.

"दादा, सांग की त्याला, तू कोण हायस ते." मी खाली पडलेली फणी उचलून तिच्या पिशवीत टाकली.

तुमच्यापैकी कुणावर अशी वेळ आली असेल तर सांगा, लेकराला काय सांगितलंत?