सातव्या पावलावरची हाक

उल्हासनगरच्या कॅम्प दोनमध्ये चादरी-पडद्यांच्या एका दुकानात मिलिंद बावीस वर्षं नोकरी करत होता. चादरी दाखवायला तिथे आणखी तिघे होते. मिलिंदचं खास काम एकच, रुसून निघालेल्या गिऱ्हाइकाला परत बोलावणं. गिऱ्हाईक भावावरून फिसकटलं आणि "नको, राहू दे" म्हणत पायऱ्या उतरलं, की शेठ मिलिंदकडे बघायचा आणि मिलिंद मनातल्या मनात पावलं मोजायचा. तिसऱ्या पावलाला हाक मारली तर गिऱ्हाईक शेफारतं आणि दहाव्याला मारावी तर ते समोरच्या दुकानात चहा पीत बसलेलं असतं. हाक मारायची ती सातव्या पावलाला. "ओ भाई! आओ आओ, अपनीच दुकान है!" त्या हाकेत राग नसायचा, लाचारीही नसायची. माणूस स्वतःच्या नकळत मागे वळायचा.

आणि मग कॅम्प दोनमध्येच मिलिंद राहत होता ती बिल्डिंग धोकादायक ठरली. दोन महिन्यांत खाली करा, अशी नोटीस जिन्यात लागली, आणि बायको सुकेशनी व मुलगी मैत्रेयी यांना घेऊन मिलिंद दर रविवारी घरं बघत हिंडू लागला.

चिखलोलीत एजंटाने चौथ्या मजल्याच्या खिडकीतून खाली बोट दाखवलं. "ती म्हैस बसलीये ना, तिथे तुमचं स्टेशन येणार."

"आणि म्हैस कधी उठणार?" मैत्रेयीने विचारलं.

मिलिंद "नको, राहू दे" म्हणून जिना उतरू लागला, तर एजंट भाव कमी करत करत पार तळमजल्यापर्यंत मागे धावला. बदलापुरातही तेच. तिथल्या बेडरूममध्ये पलंग ठेवला की दार लागत नव्हतं, पण मिलिंदला त्याचं काहीच नव्हतं. एजंटाने सातव्या पावलाला हाक मारली, एवढ्यावरच गडी आठवडाभर खूश!

वांगणीला मात्र गोष्ट वेगळी होती. आण्णा नावाच्या शेतकऱ्याने घरामागे दोन खोल्या बांधल्या होत्या. स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर कढीपत्ता, आणि तोही खिडकीतून हात काढून तोडता येईल इतका जवळ. सुकेशनीने दोन पानं तोडली, चुरगाळली आणि नाकाला लावून नुसती उभी राहिली. तिच्या आजवरच्या स्वयंपाकघराच्या खिडकीसमोर शेजारच्या बिल्डिंगचा संडासाचा पाइप होता. हे घर हातचं जाऊ नये, एवढंच तिला वाटत होतं.

"मैत्रेयीचे पप्पा," ती दबक्या आवाजात म्हणाली, "आज दुकानातले चाळे नकोत हां."

आण्णांनी भाव सांगितला. भाव वाजवी होता. मिलिंदच्या ऐपतीतलाही होता. पण बावीस वर्षांची सवय जिभेवर बसलेली.

"नको, राहू दे," असं म्हणून तो चालू लागला.

"बरं," आण्णा म्हणाले.

एक, दोन, तीन. मिलिंदने चाल जरा मंद केली. पाच, सहा. मान ताठ केली. सात.

मागे फक्त कोंबडी ओरडली.

आठव्या पावलाला तो चपलेचा बंद बांधायला वाकला. चपलेला बंदच नव्हता. दहा, अकरा. अंगणाचं फाटक आलं, तेवढ्यात मागून खणखणीत हाक आली, "ओ पाव्हणं!"

मिलिंदची छाती फुगली. कसा आला वठणीवर! तो सावकाश वळला.

"संडास तिकडं नाय," आण्णा म्हणाले. "हिकडं हाय, मागल्या अंगाला."

मैत्रेयी हसून हसून ओट्यावर आडवी झाली. आता परत फिरावं तर आबरू जाते, पुढे जावं तर घर जातं. मिलिंद तसाच फाटकाबाहेर पडला.

"त्यांला नकोच म्हंता?" आण्णांनी साधेपणाने खिशातून मोबाईल काढला. "मंग डोंबिवलीवाल्यांना सांगतो या म्हणून. सकाळपासून खोळंबलेत."

"थांबा आण्णा, थांबा!" सुकेशनीने सरळ मोबाईलवर हात ठेवला. नवऱ्याचा तिला इतका राग आला होता की त्याला त्याच रस्त्याने एकट्याला कॅम्प दोनला जाऊ द्यावं असंही वाटून गेलं. पण तो रस्त्यावर पाठमोरा उभा होता, पुढे जात नव्हता आणि मागेही येत नव्हता. त्याचं काय चाललंय, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तो हाकेची वाट बघत होता.

ती फाटकापर्यंत आली, कमरेवर हात ठेवले आणि अख्ख्या वांगणीला ऐकू जाईल अशी ओरडली,

"ओ भाई! आओ आओ, अपनाच घर है!"

हजारोंना त्याने बोलावलं होतं. त्याला असं कुणी कधी बोलावलं नव्हतं. मिलिंदचे डोळे भरून आले. त्याला कळायच्या आत त्याचे पाय वळले होते.