घडांना कागद, तोंडाला ऊन

खोडदच्या बायडाबाईला तिच्या नवऱ्याची आई ठरवलं गेलं, ते तिच्या एकुलत्या एका पोराच्या साखरपुड्यात. तुळशीची लग्नं नुकतीच उरकली होती. आळेफाट्याच्या मंगल कार्यालयात जेवणाची गडबड चालली होती, आणि नवरीचे चुलत आजोबा गेणभाऊ, निरगुडसरहून आलेला अगदी सरळ माणूस, तिच्या नवऱ्याचा, बाळासाहेबांचा, हात हातात घेऊन म्हणाले, "पावणं, आईला संगं आनलंत, लई ब्येस केलंत. या वयात मानसं कुटं निगत्यात घराभायेर?" एवढं बोलून त्यांनी बायडाबाईला वाकून नमस्कार केला.

बायडाबाई बाळासाहेबांपेक्षा तीन वर्षांनी लहान. तिनं नवऱ्याकडं बघितलं. आता हे हसतील आणि म्हणतील, अवो आई कसली, ही समर्थची आई. बाळासाहेब हसले खरे. मग म्हणाले, "चला, चला, ताटं वाढल्यात." आणि गेणभाऊंच्या खांद्यावर हात टाकून जेवायला निघून गेले.

परतीच्या वाटेवर गाडीत तिनं विचारलं, "अवो, तोंड का न्हाई उघडलं?"

"भर कार्यात पावण्याला खजील करायचं व्हतं का?"

"मंग मला केलं ते चाललं?"

यावर बाळासाहेबांनी जी मिठाची गुळणी धरली, ती घर येईपर्यंत. म्हाताऱ्या गेणभाऊंचा तिला राग नव्हता. त्यांना दिसलं ते त्यांनी म्हटलं. राग होता तो या बाबाचा. तिच्या अंगाचा तिळपापड झाला होता आणि हा गाडीत गाणी लावून बसला होता.

आता बाळासाहेबांचं तोंड गुळगुळीत होतं, हे काही खोटं नाही. का नसावं? गावच्या सोसायटीचे ते डायरेक्टर. सकाळी चहा घेतला की कडक इस्त्रीचा शर्ट घालून निघायचे ते जुन्नरला तहसिलीत, नाहीतर नारायणगावला ठिबकवाल्याकडं, नाहीतर कुणाच्या तरी दहाव्याला. सगळं पंख्याखाली नाहीतर गाडीत बसून. घरची द्राक्षबाग बघायची ती बायडाबाईनं. लग्न होऊन आली तेव्हापासून छाटणी, विरळणी, फवारणी, तोडणी सगळं तिच्याच गळ्यात. खोडदच्या त्या रेडिओ दुर्बिणीच्या थाळ्या जशा दिवसभर आभाळाकडं तोंड करून उभ्या, तशी ही द्राक्षाच्या मांडवाखाली, कारण घड डोक्यावर लटकतात आणि हात वर करून, मान मोडून काम करावं लागतं. मजुरीच्या बायका तोंडाला स्कार्फ बांधून यायच्या. बायडाबाईला मात्र त्यांच्यावर ओरडायचं असे, म्हणून तिचा स्कार्फ कायम गळ्यात.

साखरपुड्याच्या रात्रीपासून तिनं आरसा बघायला सुरुवात केली. आजवर तो फक्त कुंकवापुरता. आता त्यात कपाळावरच्या आठ्या दिसल्या, डोळ्यांच्या कडेच्या रेघा दिसल्या, गालावरचे काळे डाग दिसले. लग्न वैशाखात होतं. नवरदेवाची आई म्हणून तिला बाळासाहेबांच्या शेजारी उभं राहायचं होतं, आणि तिथं पुन्हा कुणी तिला तिच्याच सासूच्या जागी बसवलं तर ती स्वतःच्या पोराच्या लग्नातून उठून घरी निघून येणार होती. हे तिनं कुणाला सांगितलं नाही. संक्रांतीच्या तोंडावर नारायणगावला गेली आणि नेमीचंदशेठच्या कॉस्मेटिकच्या दुकानात शिरली.

गल्ल्यावर शेठची सून खुशबू होती. दिवसभर बायकांना क्रीम विकून ती आधीच वैतागलेली असे.

"मावशी, आधी सनस्क्रीन घ्या," खुशबू म्हणाली. "तुमचं काम उन्हातलं. सुरकुत्या नि डाग सगळ्यात जास्त उन्हानंच येतात."

"त्यानं काय व्हईल?"

"नवीन लवकर येणार नाहीत."

"आन आल्यात त्या?"

"त्यांना वेळ लागतो. थोड्या कमी दिसतील, पुसल्या नाही जाणार."

"मंग ज्या आल्याच न्हाईत त्यांच्यासाठी मी पैसं घालू व्हय? आल्यात त्यांचं औषध दे."

खुशबूनं कपाळावर हात मारून घेतला. अशी रोज एक तरी येते. शेवटी तिनं रेटिनॉलचं रात्रीचं क्रीम काढून दिलं आणि बजावून बजावून सांगितलं: वाटाण्याएवढं घ्यायचं, आठवड्यातून दोनदाच, फक्त रात्री, त्याच्याबरोबर दुसरं काही लावायचं नाही, आणि दिवसा सनस्क्रीनशिवाय बाहेर पडायचं नाही. बायडाबाईनं मान डोलावली, क्रीम पिशवीत टाकलं आणि सनस्क्रीन तिथंच ठेवून आली.

त्याच आठवड्यात आणखी दोन बाटल्या तिच्या वाट्याला आल्या. जाऊबाई रुपालीनं मोबाईलवरून मागवलेलं, तोंडावरचे डाग घालवायचं एक ॲसिड होतं. तिच्या तोंडाला ते झोंबलं म्हणून तिनं ते उदार मनानं देऊन टाकलं. दुसरी बाटली होणाऱ्या सुनेनं, तेजस्विनीनं, समर्थच्या हाती पाठवली होती. व्हिटॅमिन सीचं सीरम, तजेला येतो म्हणे. सुनेनं प्रेमानंच पाठवलं होतं. पण बायडाबाईला वाटलं, म्हणजे हिलाही दिसलं तर.

इथं बायडाबाईतली बागायतदारीण जागी झाली. बागेत तीन औषधं मारायची तर ट्रॅक्टरच्या तीन फेऱ्या कोण मारतं? एका टाकीत मिसळायची आणि एका फेरीत काम उरकायचं. फक्त आधी थोडं थोडं बाटलीत कालवून बघायचं. फाटलं नाही, गाळ बसला नाही, की चालतं. तिनं स्टीलच्या वाटीत तिन्ही कालवली. फाटली नाहीत. झालं. राहिला डोस. लेबलवरचा डोस भित्र्या माणसांसाठी असतो, हे तिचं जुनं मत. तिनं सढळ हातानं घेतलं. रात्री लावलं, सकाळी लावलं, आणि सकाळचं लावून सरळ बागेत गेली.

दोन-तीन दिवसांत चेहरा लाल झाला आणि सालपटं निघायला लागली. कुणीही शहाणं माणूस इथं थांबलं असतं. पण छाटणीनंतर वेलीची जुनी साल खरवडून काढतात, ती काढली की वेल कशी स्वच्छ दिसते, हे तिनं जन्मभर बघितलेलं. तिला वाटलं, लागू पडलं. जुनं निघून चाललंय. तिनं डोस आणखी थोडा वाढवला.

एका सकाळी डोळे उघडेनात. पापण्या सुजलेल्या, गालांची आग आग होतेय, पाणी लावलं तरी जीव जातोय. समर्थनं तिला गाडीत घालून नारायणगावच्या कातडीच्या डॉक्टरणीकडं नेलं. बाळासाहेबही मागच्या सीटवर येऊन बसले.

"काय काय लावलंत?" डॉक्टरणीनं विचारलं.

बायडाबाईनं सगळं सांगितलं, प्रमाणासकट. वाटीत फाटलं नव्हतं, हेही सांगितलं.

डॉक्टरणीनं पेन खाली ठेवलं. "आजी, ही प्रत्येक बाटली वेगवेगळी वापरली असती ना, तर एखादीचा फायदाही झाला असता. तुम्ही चेहरा जाळून घेतलात."

'आजी' ऐकून बायडाबाईनं बाळासाहेबांकडं बघितलं. ते भिंतीवरचा तक्ता वाचत होते.

डॉक्टरणीनं तिन्ही बाटल्या बंद केल्या. सौम्य फेसवॉश, साधं मॉइश्चरायझर, आणि सनस्क्रीन. सनस्क्रीन दोन बोटांवर मावेल एवढं, उन्हात असलं तर दर दोन-अडीच तासांनी पुन्हा. चेहरा पूर्ण सावरला की मग बघू रेटिनॉलचं, तेही वाटाण्याएवढं, आठवड्यातून दोनदा. म्हणजे खुशबूनं सांगितलेलं सगळं, फक्त आता त्याची फी भरून.

"सुरकुत्या जातील का पर?"

"आहेत त्या पुसल्या जाणार नाहीत. त्वचा सुधारेल, डाग फिके होतील, पुढचं थांबेल. त्यालाही महिने लागतील. आणि चेहरा बरा होईपर्यंत उन्हात अजिबात जायचं नाही."

"मंग कागद कोन लावील?"

डॉक्टरणीला काही कळलं नाही. समर्थला कळलं. बागेत मण्यांत पाणी उतरायला लागलं होतं, म्हणजे मणी पिकायला लागले होते. एकदा पाणी उतरलं की घडाला ऊन सोसत नाही, हिरवा मणी गुलाबी पडतो आणि असा माल व्यापारी बाजूला काढतो. म्हणून एकेका घडाला वर्तमानपत्राचा कागद गुंडाळून टाचणी मारायची. समर्थची चाकणला कंपनीत शिफ्ट. त्यानं मागं वळून वडिलांकडं बघितलं. बायडाबाईनं सुजलेल्या डोळ्यांनी बघितलं. बाळासाहेबांचा तक्ता वाचून संपला होता.

पहिल्या दिवशी ते इस्त्रीच्या शर्टात बागेत गेले. दुपारी आले तेव्हा शर्टाची रया गेली होती आणि मान एका बाजूला राहिली होती. मांडवात सावली असते असं लोकांना वाटतं. कागद लावायचा तो उन्हं पडतात त्याच घडांना, आणि ती उन्हं आधी लावणाऱ्याच्या तोंडावर येतात. तिसऱ्या-चौथ्या दिवशी बाळासाहेबांच्या नाकाचं कातडं निघालं. ओसरीत बायडाबाई पांढरं मलम थापून बसली होती. बाग समोरच, म्हणून ओसरीतूनच ती ओरडत होती, कागद घट्ट आवळू नका, देठ मोडंल, त्या कडंची ओळ ऱ्हायली.

"ते तुजं उन्हाचं मलम दे जरा," एका दुपारी ते म्हणाले.

"दोन बोटं घ्या. आन कानाला लावा, कान इसरत्यात."

त्यांनी लावलं. कडू औषध घेतल्यासारखं तोंड केलं. मग ओसरीच्या पायरीवर टेकले.

"हे तू दर वर्साला करायचीस?"

"न्हाई. मी पंख्याखाली बसून सोसायटी चालवायचे."

बाळासाहेबांनी टाचण्यांचा डबा उचलला आणि पुन्हा बागेत गेले. पण बायडाबाईचा राग काही गेला नाही. दुपारभर उन्हात उभं राहिल्यानं साखरपुडा पुसला जात नाही. एक फोन करायचा होता निरगुडसरला. आई नव्हती, बायको होती, एवढं सांगायचं होतं. तेवढं या माणसाकडून झालं नाही, आणि ती मागून घेणार नव्हती.

माल निघाला, चांगला निघाला. तिचा चेहराही सावरला. वैशाख येईपर्यंत ती सकाळ-दुपार मलम लावायला शिकली होती, आठवड्यातून दोन रात्री वाटाण्याएवढं क्रीम घ्यायला शिकली होती, आणि बागेत गेली तर स्कार्फ तोंडावर बांधून गेली. मजुरांवर ओरडायला तिनं शिट्टी आणली. कातडी मऊ झाली होती, डाग थोडे फिके पडले होते. रेघा होत्या तिथंच होत्या. एवढं सगळं करून आरशात तीच बाई दिसते म्हणून तिला आरशाचाही वैताग आला होता.

लग्न गोरज मुहूर्ताचं, नारायणगावजवळच्या लॉन्सवर. चारच्या सुमाराला फोटोग्राफरनं घरच्यांना हिरवळीवर उभं केलं. ऊन अजून चांगलंच तापलेलं होतं. बायडाबाईनं अंजिरी पैठणी नेसली होती, नथ घातली होती. ती समर्थच्या शेजारी, बाळासाहेबांना लागून उभी राहिली.

फोटोग्राफरनं कॅमेऱ्यातून बघितलं आणि हात हलवला. "आजी, तुम्ही जरा बाजूला. नवरदेवाच्या आईला बोलवा कुणीतरी."

समर्थनं तोंड उघडलं, पण बायडाबाईनं त्याचा हात दाबला. ती बाळासाहेबांकडं बघत होती. तिचं एक पाऊल वळलेलंसुद्धा होतं, घराच्या दिशेनं.

"नवरदेवाची आई हीच हे," बाळासाहेब म्हणाले. सोसायटीच्या सभेत बोलतात तेवढ्या मोठ्यानं म्हणाले. "माजी बायको. माज्यापरीस ल्हान हे. माज्या वाटचं ऊन बी हिनंच खाल्लं, म्हनून अशी दिसतीया."

फोटोग्राफर मान खाली घालून कॅमेऱ्याची बटणं दाबायला लागला. बाळासाहेब तेवढ्यावर थांबले नाहीत. खुर्च्यांच्या पहिल्या रांगेत गेणभाऊ बसले होते, त्यांच्याकडं वळून म्हणाले, "पावणं, तुमाला बी ह्ये साखरपुड्यातच सांगायचं व्हतं. माजं ऱ्हाऊन गेलं."

म्हातारे गेणभाऊ उठून उभे राहिले आणि त्यांनी बायडाबाईला पुन्हा हात जोडले.

"लई दिस लागलं," बायडाबाई नवऱ्याला हळूच म्हणाली. तिच्या आवाजातला वैताग काही लपत नव्हता.

बाळासाहेब तिच्या पुढून गेले आणि दुसऱ्या बाजूला, जिकडून ऊन येत होतं तिकडं, जाऊन उभे राहिले.

फोटोग्राफरनं पुन्हा कॅमेरा डोळ्याला लावला. "भाऊ, थोडं मागं सरका. तुमची सावली मावशींच्या तोंडावर पडतेय."

"पडू दे," बाळासाहेब म्हणाले.