तीन मिलिमीटर शिवण

मी मामाला एक खोटं सांगितलं. ते फक्त एका अक्षराचं होतं, पण त्याचे परिणाम मी अजून दर बाजाराच्या दिवशी भोगतो.

अड्याळला माझं मोटार वाइंडिंगचं दुकान आहे. पाण्याच्या जळालेल्या मोटारी येतात, मी जुनी तार काढून नवी भरतो. धानाच्या रोवणीच्या दिवसांत जेवायला वेळ मिळत नाही, बाकीच्या दिवसांत भरपूर मिळतो. अशाच एका रिकाम्या महिन्यात मी गिटार बनवायला घेतली. लाखांदूरकडच्या एका वाजवणाऱ्याची इलेक्ट्रिक गिटार ट्रॅक्टरच्या चाकाखाली आली होती. धड गेलं, मान शाबूत राहिली. ती मान त्याने मला देऊन टाकली. वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी माणसाला गिटारची मान मिळाली तर त्याने काय करायचं असतं, हे मला माहीत नव्हतं. मी धड करवून घ्यायला मामाकडे गेलो.

मामा सुतार आहे. त्याने शिवणीच्या लाकडाचा एक जाड तुकडा काढला, रंधला आणि दोन दिवसांत गिटारचा आकार कापून दिला. वरच्या बाजूला शिवणीच्या रेषा अशा आल्या होत्या की मलाही हात फिरवावासा वाटला. मग मी पेन्सिलीने त्यावर दोन चौकोन काढले.

इलेक्ट्रिक गिटारच्या तारांखाली पिकअप असतो. म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे. वर पोलादी तार हलली की वेढ्यांत थोडी वीज तयार होते आणि ती स्पीकरकडे जाते. सहसा गिटारच्या तोंडालाच, म्हणजे पुढच्या बाजूला, खाच पाडून पिकअप बसवतात.

"हे काय होय?" मामाने विचारलं.

"इथं खाच पाडायची, मामा."

"तोंडाले?"

"हो."

"तुह्या तोंडाले पाडू का एक?"

त्याने अंगठ्याला थुंकी लावून माझे चौकोन पुसले. लाकडाच्या तोंडाला भोक पाडायचं नाही, हा त्याचा नियम. बिजागरी, खिळा, स्क्रू, जे काय असेल ते मागून. शेवटी त्याने मागूनच पोकळी कोरली आणि पुढे तीन मिलिमीटर लाकूड शिल्लक ठेवलं. मोजपट्टी लावली नाही. बोटाच्या पेराने ठोकून बघायचा, कान द्यायचा, पुन्हा पटाशी चालवायचा. मी नंतर मोजलं. तीनच होतं.

मधे लाकूड आलं म्हणून मला जास्त ताकदीचे चुंबक लावावे लागले आणि वेढे वाढवावे लागले. दोन पिकअप फुकट गेले, तिसरा जमला. गिटार तयार झाली तेव्हा तिच्या तोंडावर शिवणीशिवाय काहीच नव्हतं. मी ओळखीच्या भजन मंडळाचा स्पीकर आणला आणि मामाच्या छपरीत बसून एक तार छेडली.

मामाने हातातला चहा खाली ठेवला. एकदा गिटारकडे पाहिलं, एकदा स्पीकरकडे.

"हे लाकूड बोलून राहिलं का गा?"

मी म्हणालो, "हो."

चुंबकाला लाकूड ऐकू येत नाही. त्याला फक्त पोलाद कळतं. हे मला चांगलं माहीत होतं, चुंबक आणि तांबं यांच्यावरच माझं घर चालतं. तरी मी हो म्हणालो. त्याचं कारण मी स्वतःला असं सांगत आलो की, गावात आता सगळे तयार प्लायवूडचं सामान आणतात आणि लाकडाबद्दल मामाला कोणी काही विचारत नाही. प्लायवूडला तो पापडाची चळत म्हणतो. त्याला बरं वाटावं म्हणून मी बोललो. हे अर्धंच खरं आहे. मी हो म्हणताच त्याने माझ्या पाठीवर हात ठेवला. तो हात त्याने काढू नये, असं मला वाटलं. हे उरलेलं अर्धं.

मामाने ही गोष्ट न्हाव्याच्या दुकानात सांगितली, दळण दळायच्या रांगेत सांगितली. भाच्यानं यंत्र बसवलं अन् शिवण बोलाले लागली, म्हणे. लोक माझ्याकडे येऊन विचारायचे. मी मान हलवायचो. मान हलवण्याला खोटं म्हणावं की नाही, यावर मी बराच विचार केला आहे.

इथवर कोणाचं नुकसान झालं नव्हतं. पण मामाच्या घरात आढ्याला टांगलेल्या शिवणीच्या दोन फळ्या होत्या. नाकाडोंगरीकडून आणलेल्या, एकाच खोडाच्या, तीस वर्षं सुकवलेल्या. त्या घराच्या दरवाजासाठी होत्या. घराला तोवर टिनाचा दरवाजा होता आणि मामी लग्न झाल्यापासून वाट पाहत होती.

मामाने जाहीर केलं की त्या फळ्या कापून तो स्वतःसाठी तसलंच वाजायचं सामान करणार. "तीस वर्षं डोक्यावर टांगून हाय," तो म्हणाला, "काय बोलते ते आयकू त दे."

मामीने मला बोलावून घेतलं. "सुताराचं घर अन् टिनाचा दरवाजा, सारा गाव हासते मले. आता त्याचा बाजा करून राहिले. तूच कायतरी भरवलं त्यायच्या डोक्यात. तूच काढ."

त्याच सुमारास मामाच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डॉक्टरने काळा चष्मा दिला आणि सोमवारपर्यंत करवत हातात घ्यायची नाही म्हणून सांगितलं. म्हणजे माझ्याकडे सोमवारपर्यंत वेळ होता.

शुक्रवारी मी गेलो. मामा छपरीत खाटेवर काळा चष्मा लावून बसला होता.

"मामा, मी खोटं बोललो. लाकूड नाही बोलत. तार बोलते."

"कोन सांगतलं तुले?"

"माहा धंदाच होय तो."

"तुहा धंदा मोटारीचा. मोटारीत लाकूड असते का?"

"नाही."

"मंग?"

"त्याले पुरं बोलू त द्या!" मामी आतून ओरडली.

मी गिटारची एक पोलादी तार काढून तिच्या जागी तांब्याची ओढली आणि छेडली. स्पीकर गप्प. लाकूड बोलत असतं तर आताही बोललं असतं ना, मी म्हणालो. मामाने थोडा विचार केला.

"तांबा मुकाच असते," तो म्हणाला. "त्याले लाकूड काय करन बिचारं."

आता एकच उपाय राहिला होता आणि तो मला करायचा नव्हता. मी शनिवारी केला. कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या कपाटातून उरलेला सनमायका मारलेला प्लायवूडचा तुकडा घेतला, मागून कोरून त्यात तसाच पिकअप लपवला, वर तीन पोलादी तारा ताणल्या. रविवारी युरियाच्या पोत्यात घालून तो मामाकडे नेला.

मामाने काळ्या चष्म्याआड डोळे मिटून घेतले होते. मी वाजवलं. मामी हातात भाजी हलवायचा सराटा घेऊन टिनाच्या दरवाजात उभी होती.

"पहिल्यापेक्षा बरं बोलते हे," मामा म्हणाला. "जुनं सागवान होय का?"

मला हो म्हणता आलं असतं. तोंडात ते तयारच होतं. नाही म्हणणं मात्र जमलं नाही. मी ती प्लायवूडची पाटी उचलून त्याच्या मांडीवर ठेवली. माझं धाडस एवढंच.

त्याने वरून हात फिरवला. मग अंगठा कडेवर गेला, जिथे प्लायचे थर उघडे होते. अंगठा थांबला. परत फिरून आला आणि पुन्हा तिथेच थांबला.

"कडेले पट्टी नाही मारली," तो म्हणाला.

"नाही."

"पाणी शिरन. फुगन."

"हो."

"ठेव इथं."

मामीने चहा दिला, आम्ही प्यालो, मी घरी आलो.

पंधरा दिवसांनी दरवाजा बसला. मी पाहायला गेलो तेव्हा प्लायवूडची पाटी कोपऱ्यात उभी होती. तिच्या चारही कडांना शिवणीची पट्टी मारलेली, कोपऱ्यांच्या सांध्यात नख शिरणार नाही अशी. लाकूड बोलतं असं तो आता कुठेच म्हणत नाही. कोणी विषय काढलाच तर म्हणतो, "भाच्याले विचारा. ते मोटारवाल्याचं काम हाय." यात राग आहे की नाही, मला अजून ठरवता आलेलं नाही.

दरवाजा सुंदर आहे. दोन्ही फळ्यांच्या रेषा मधोमध जुळतात. पण त्याच्या तोंडाला भोक नाही. कडी, कोयंडा, सगळं आतून.

"बाहीरून कुलूप कुठं लावू मी?" मामीने विचारलं.

"आतून कडी हाय ना."

"अन् बाहीर गेल्यावर आतून कोन लावन? एक भोक पाडा ना तोंडाले!"

"नाही," मामा म्हणाला.

म्हणून दर बाजाराच्या दिवशी मामी मला दुकानातून घेऊन जाते. "चाल बाबू, बस घरात. तुह्यानंच झालं हे." मी जातो. आतून कडी लावतो आणि ते दोघं परत येईपर्यंत बसून राहतो. हे मला जड जात नाही, उलट थोडं हलकं वाटतं.

परतल्यावर मामा हाक मारत नाही. बोटाच्या पेराने दरवाजा ठोकतो. एकदा वर, एकदा मधे, एकदा खाली, बिजागरीजवळ. मग थांबतो आणि पुन्हा वरून सुरू करतो. मी कडीवर हात ठेवून उभा असतो. त्याचं ऐकून होईपर्यंत मी उघडत नाही.

"उघड ना गा लवकर," मामी बाहेरून ओरडते, "भाजीचं टोपलं हाय डोक्यावर!"