सुहासदादाने मेन स्विच पाडला, त्या दुपारबद्दल

माझ्या पहिल्या नवऱ्यापासून मला पोलिसांनी नाही, सुहासदादाने वाचवलं.

तो आज सकाळी गेला. हार्ट अटॅक.

ग्रुपवरच्या नव्या लोकांना माहीत नसेल. वसई रोडला स्टेशनजवळ त्याचा सायबर कॅफे होता. दोन हजार सालानंतरची गोष्ट. मी नवऱ्याचं घर सोडून जवळच उमेळ्याला मावशीकडे राहत होते. घटस्फोट झाला होता. कोर्टाला मान्य, मला मान्य, फक्त त्याला मान्य नव्हता.

"सापडलीस ना, तर बघ," असं तो फोनवर म्हणाला होता. तो नुसतं म्हणणाऱ्यातला नव्हता. माझा डावा हात अजून पूर्ण सरळ होत नाही.

कॅफेच्या मागच्या बाजूला प्लायवूडच्या पार्टिशनमागे मी टायपिंग करायचे. सर्व्हरही तिथेच, माझ्या पायाशी.

सुहासदादाची आई वधू-वर सूचक मंडळ चालवायची. आम्ही सगळे तिला काकू म्हणायचो. तिच्या मंडळाची वेबसाइट सुहासदादा बनवत होता. इंटरनेटवर नाही, अजून कॅफेच्या सर्व्हरवरच. ट्रायल.

त्याच सर्व्हरवर कॅफेचं स्वतःचं पान होतं. रेट, प्रिंटआउट, "कृपया मोठ्याने बोलू नये" वगैरे.

एका सर्व्हरवर दोन साइट ठेवायच्या तर त्याला सांगावं लागतं, कोणतं नाव मागितलं की कोणती साइट द्यायची. त्याला व्हर्च्युअल होस्ट म्हणतात. हे मला त्यानेच शिकवलं. आज माझं पोट त्यावरच चालतं.

मावशीने मला न विचारता मंडळात माझं नाव घातलं होतं. फोटो, पत्ता, "घटस्फोटित, सुस्वभावी". ते मीच टाइप केलं, हसत हसत. नवीन नाव सगळ्यात वर यायचं. म्हणजे मी सगळ्यात वर.

त्या दुपारी बाहेरून एक कॉलेजची मुलगी ओरडली, "दादा, हे काय? लग्नाची साइट उघडतेय!"

माझ्या मशीनवर दोन्ही साइट बरोबर. बाहेर मात्र कॅफेच्या पानाऐवजी मंडळ.

सुहासदादाने सर्व्हर रिस्टार्ट केला. तेच. "कॅश असेल, जुनं साठवलेलं पान दाखवत असेल," म्हणाला. कॅश पुसली. तेच. कोणतं नाव कोणत्या मशीनचं ते लिहिलेली होस्ट्स फाइल बघितली. ठीक होती.

"काकूने सगळ्यांची लग्नं लावायचं ठरवलंय," मी म्हटलं. तोही हसला.

तेवढ्यात काउंटरवरून आवाज आला.

"इथे वर्षा म्हणून कोणी काम करते का?"

तो आवाज मी कुठेही ओळखला असता.  खुर्चीवरून उठता येईना.

सुहासदादा बाहेर गेला. "नाही बुवा. का?"

"बायको आहे माझी. कोणीतरी सांगितलं, इथे कॉम्प्युटरवर असते."

"चुकीचं सांगितलं."

"बरं. मेल बघायचाय. बसू?"

आणि तो बसला. त्या मुलीच्या शेजारच्या मशीनवर. पार्टिशनच्या फटीतून मला त्याची मान दिसत होती.

सर्व्हर मी बंद करू शकत होते. पायाशीच होता. पण त्या मुलीच्या स्क्रीनवर पान आधीच उघडलेलं होतं. माझ्या फोटोसकट, मावशीच्या पत्त्यासकट. त्याने नुसती मान वळवायचा अवकाश होता.



सुहासदादाने एकदा त्या स्क्रीनकडे बघितलं. एकदा पार्टिशनकडे. मग शांतपणे दाराजवळ गेला आणि मेन स्विच पाडला.

"गेलीऽऽ!" सगळा कॅफे ओरडला. लोडशेडिंगची इतकी सवय होती.

फक्त सर्व्हरचा यूपीएस बीप करायला लागला. मी वेड्यासारखे दोन्ही हात त्यावर दाबून धरले, जणू त्याचं तोंडच आहे ते.

आणि शेजारच्या दुकानातलं झेरॉक्सचं मशीन सुरूच होतं! धडधड ऐकू येत होतं.

"बाजूला तर लाईट आहे," तो म्हणाला.

"एक फेज गेलाय भाऊ. आमचं नशीबच तसलं. आता संध्याकाळपर्यंत विसरा."

तो थोडा वेळ उभा राहिला. पार्टिशनखालून मला त्याचे बूट दिसत होते. मग ते गेले.

सुहासदादाने शटर अर्धं ओढलं. आत येऊन यूपीएसवरच्या सर्व्हरवर कोणत्या नावाला कोणती साइट ते लिहिलेली कॉन्फिगरेशनची फाइल उघडली.  एकेक ओळ वाचत गेला.

"सापडलं," तो म्हणाला. "आईचा प्रताप."

झालं होतं असं. मंडळाच्या साइटच्या माथ्यावर गणपतीचं चित्र होतं. काकू चहा घेऊन आली होती तेव्हा तिने स्क्रीनवर हीच फाइल बघितली आणि मंडळाचं नाव कॅफेच्या खाली का, ते विचारलं. "गणपती खाली आणि तुझे रेट वर? शोभतं का?" म्हणून त्याने मंडळाचा ब्लॉक, म्हणजे त्या साइटच्या ओळी, उचलून पहिला केला होता.

पण ज्याला नाव जुळत नाही त्याला सर्व्हर पहिला ब्लॉक देतो. आणि बाहेरची मशीन कॅफेचं पान नावाने नाही, सर्व्हरच्या नंबरने, म्हणजे आयपी ॲड्रेसने उघडायची; माझं मशीन तेवढं नावाने.

त्याने सगळ्यात वर एक नवा ब्लॉक लिहिला. नुसतं कोरं पान. त्याच्याखाली कॅफे, सर्व्हरचा नंबरही नाव म्हणून लिहून. मग मंडळ. आणि स्क्रीनला हात जोडले. "बाप्पा, जरा मागे बस. पोरीचा प्रश्न आहे."

मग माझी नोंद काढून टाकली.

कोण होता, का मारायचा, तू का पळालीस, काही विचारलं नाही. कधीच नाही. त्या संध्याकाळपासून मला स्कूटरवरून उमेळ्याला सोडायला लागला. माझं दुसरं लग्न होईपर्यंत. लोक काय काय बोलले. त्याने ऐकलं आणि स्कूटर काढली.

आज फोन आला तेव्हा मी रडले नाही. उठून दाराची कडी लागली आहे ना, ते बघितलं. मग परत जाऊन बघितलं.

तो माणूस अजून जिवंत आहे. वसईजवळ कामणला कुठल्याशा गोडाऊनवर असतो म्हणे.

आणि सुहासदादा गेला.

ये आता, दादा. तुझ्या वर्षाचा शेवटचा नमस्कार.